नरकासुराची मान का मोडते?

गोव्यात डिचोलीजवळच्या एका वाड्यावरून, म्हणजे वस्तीवरून, नववीतल्या मुलीचं पत्र आलंय. लांबलचक आहे, मजेशीर आहे आणि शेवटच्या पानावर चांगलंच चिडलेलंही. गेल्या दिवाळीत वाड्यावरच्या मुलांनी नरकासुर केला, म्हणजे नरक चतुर्दशीच्या पहाटे जाळायचा त्याचा पुतळा. रात्री दोनच्या सुमारास उभा करताना त्याची मान फिरली आणि "तो सकाळपर्यंत मागच्या पिंपळाकडे बघत राहिला, परीक्षकांना आम्ही त्याची मान सोडून बाकी सगळं दाखवलं". मुलींच्या वाट्याला कागद चिकटवायची खळ शिजवणं आणि चहा आणणं एवढंच आलं. यंदा तिला सांगाड्याच्या कामात उतरायचंय. आई म्हणते, आधी परीक्षा. मुलगे म्हणतात, तुला त्यातलं काय कळतं? शिवाय तिने गटातल्या माणसांचे प्रकार टिपून पाठवलेत: कात्री हरवणारा, नुसते फोटो काढणारा, भाजी-पाव आला की उगवणारा आणि काहीही मोडलं की "हांवें सांगिल्लें मरे!" (मी सांगितलं होतं ना!) म्हणणारा. यांचं काय करू, असं विचारलंय.

बाय,

मान मोडली रात्री दोनला, पण ती मोडणार हे पंधरा दिवस आधीच ठरलं होतं. बहुतेक वाड्यांवर नरकासुराचं काम तोंडापासून सुरू होतं आणि तोंडापाशीच अडतं. डोळे किती वटारायचे, दात किती, जीभ कुठपर्यंत, यावर तासन्‌तास वाद. आतल्या काठ्या कशा बांधल्यात ते कोणी बघत नाही, कारण कागद चढला की त्या दिसणार नसतात.

तू काढून पाठवलेल्या चित्रात डोकं वेगळ्या दोन फुटी काठीवर आहे आणि ती काठी खांद्याच्या आडव्या काठीला चिकटपट्टीने गुंडाळलीय. बांबूची साल गुळगुळीत असते, त्यात रात्रीचं दंव. चिकटपट्टी दोन-तीन तासांत सुटायला लागते. एकाच जागी धरलेली काठी गोल फिरणारच, तिला अडवायला दुसरं काही नाहीच. त्यात मुखवटा वरून वाळलेला आणि आतून ओला, म्हणजे दुप्पट जड. आणि उजव्या हातात प्लायवुडची तलवार! एवढं सगळं जमवून आणल्यावर मान टिकली असती तरच नवल.

७ फुटी नरकासुराचा सांगाडा असा कर. माणगा बांबू मिळाला तर तोच घे. तो जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे बांधताना चिरत नाही. १२ फुटी ६ काठ्या पुरतात. कण्याला दीड इंच जाडीची निवड, बाकीच्या एक-सव्वा इंची चालतील. कोयता चालवायचं काम मोठ्या माणसाचं. माप मात्र तू आखून द्यायचं.

आधी तळ. ४ फूट बाय ३ फूट चौकट आणि तिच्यात दोन तिरक्या काठ्या. चौकट काटकोनात आहे का हे डोळ्यांनी कळत नाही, पण दोन्ही तिरकी मापं बरोबर ५ फूट आली तर काटकोन पक्का. पायथागोरस इथे उपयोगी पडतो हे गणिताच्या टीचरना सांगून ठेव, त्यांनाही बरं वाटेल. या दोन तिरक्या काठ्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे साडेसात फुटी कणा उभा करायचा. हा कणा अखंड हवा. तळापासून निघून कंबर, छाती, मान असा थेट टाळूपर्यंत गेला पाहिजे. मानेला जोड द्यायचाच नाही, म्हणजे मोडायला तिथे काही उरत नाही.

कण्याला तीन बाजूंनी आधार दे. तळाच्या पुढच्या दोन कोपऱ्यांतून निघालेले दोन पाय साडेतीन फुटांवर, म्हणजे कंबरेला, कण्याशी बांध. मागच्या बाजूच्या मधोमध एक टेकू लावून तो ५ फुटांवर बांध. पायांच्या काठ्या पावणेपाच फुटी आणि टेकू पावणेसहा फुटी काप. बांधायला थोडं जास्तीचं टोक लागतंच. साडेपाच फुटांवर खांद्याची आडवी काठी, ४ फुटांची. तिच्या दोन्ही टोकांपासून कंबरेपर्यंत एकेक तिरकी काठी आणायची. बरेच जण ही तिरकी काठी "कशाला उगाच" म्हणून गाळतात, आणि मग खांदे मिरवणुकीत पाळण्यासारखे हलतात. चौकोन ढकलला की कलतो, त्रिकोण कलत नाही. सांगाड्यात जिथे मोकळा चौकोन दिसेल तिथे तिरकी काठी घाल.

बांधायला तार नको, सुतळी किंवा सुंभ घे. तार वापरली तर जाळल्यावर ती रस्त्यावर पडते आणि सकाळी कोणाच्या तरी टायरात किंवा गुराच्या पायात जाते. गाठ मारायची जागा बांबूच्या पेराला लागून निवड, म्हणजे काठी खाली घसरत नाही. दोन काठ्यांभोवती फुलीच्या आकारात चार-पाच वेढे घे आणि नंतर त्या वेढ्यांभोवतीच, दोन काठ्यांच्या फटीतून, आणखी तीन आवळवेढे घाल. या शेवटच्या तीन वेढ्यांत सगळी ताकद असते. घाई झाली की नेमके तेच राहून जातात.

तलवारीचं गणितही करून बघ. अर्ध्या किलोची तलवार कण्यापासून ४ फुटांवर धरली, तर खांद्याच्या गाठीवर येणारा पीळ अर्ध्या फुटावर ४ किलो टांगल्याइतका असतो. म्हणून तलवार पुठ्ठ्याची, मधे बांबूची एक पातळ काप, वर चंदेरी कागद. दुसऱ्या हातात तेवढ्याच वजनाची ढाल दिली की तोल आपोआप सांभाळतो.

कागद लावायच्या आधी सांगाड्याची परीक्षा घे. नववीचं भरलेलं दप्तर एकदा उजव्या खांद्याच्या टोकाला टांग, एकदा डाव्या, आणि दहा मिनिटं तसंच राहू दे. मग दोघांनी तळाला धरून सांगाडा उचलायचा, थोडा पुढे-मागे कलता करायचा. कुठे "कर्र" वाजलं तर ती गाठ सोडून पुन्हा बांधायची. दप्तराचा इतका स्पष्ट उपयोग वर्षभरात दुसरा होत नाही.

पोटात भरायला भाताचा पेंढा. इथे एक फसगत होते. ऑक्टोबरात कापणी नुकतीच झालेली असते, पेंढा दिसायला सोनेरी पण आतून दमट. तसाच भरला तर तिसऱ्या दिवशी कुबट वास सुटतो, कागदावर आतून डाग येतात आणि पहाटे तो जळायच्या ऐवजी नुसता धुमसतो. दोन कडक उन्हं दाखव आणि मग भर. दाबून भरू नकोस. आत हवा खेळली तरच नीट जळेल. अंगाला सुती जुने कपडे किंवा कागद घाल. नायलॉनची साडी वितळून थेंब थेंब गळते, आणि ते थेंब कातडीला चिकटतात. थर्माकोल तर नकोच. मुखवटा थर्माकोलचा असला की काळा धूर थेट समोर उभ्या असलेल्या पोरांच्या नाकात.

आता मुखवटा. म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या बाजारात तयार मिळतो, वेळ नसेल तर खुशाल आण. पण स्वतः केला तर तो हलका होतो आणि तुमचाच दिसतो. १४ इंची प्लास्टिकचं घमेलं पालथं घाल आणि त्याला खोबरेल तेलाचा हात फिरव. पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा, खळ न लावता, म्हणजे नंतर मुखवटा सुटतो. पुढचे आठ थर खळीचे. कागद कात्रीने कापू नकोस, फाडून दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कर. फाडलेल्या कडेचे तंतू एकमेकांत मिसळतात, कापलेल्या कडेची रेघ रंगातूनही दिसते. एक थर उभा, एक आडवा. आणि एक थर मराठी पेपरचा, एक इंग्रजीचा. कुठे राहिलं ते लगेच कळतं, कारण मराठीच्या मधे इंग्रजी डोकावतं.

दर दोन थरांनंतर एक दिवस थांबायचं. हा थांबण्याचा दिवस मुलं गाळतात, आणि आत ओल राहते. वाळलं की नाही हे बोटाने दाबून कळत नाही. हाताची पालथी बाजू लावून बघ. गार लागलं तर आत पाणी आहे. नखाने टिचकी मार. "थप" वाजलं तर अजून ओलं, "टक" वाजलं तर वाळलं. उन्हात ठेवलास तर दर तासाला फिरव, नाहीतर एकच गाल सुकून आक्रसतो आणि असुराला दाढदुखी झाल्यासारखं दिसतं. दुपारनंतर गडगडाट करून येणारा पाऊस दिवाळी तोंडावर आली तरी गोव्यात येऊ शकतो, म्हणून तीन वाजता मुखवटा पडवीत, पंख्याखाली.

नाक, भुवया आणि गालाची हाडं कागदाच्या लगद्याची. रद्दी रात्रभर पाण्यात भिजव, कुस्कर, घट्ट पिळ आणि खळीत मळ. लगदा पोळीच्या कणकेइतका घट्ट हवा, सैल झाला तर नाक ओघळून मिशीत येतं. दात पुठ्ठ्याचे, जीभ लाल सुती कापडाची, केस आणि मिशा नारळाच्या काथ्याच्या. काथ्या काळ्या शाईत बुडवून वाळवला की झकास दिसतो, आणि जळतोही छान.

खळीचं प्रमाण: १ वाटी मैदा, ६ वाट्या पाणी. मैदा आधी एका वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालव, उरलेल्या पाच वाट्या उकळल्या की त्यात धार धरून ओत आणि ढवळत राहा. तीन-चार मिनिटांत पांढरेपणा जाऊन खळ काचेसारखी दिसायला लागते, तेव्हा उतरव. थेट उकळत्या पाण्यात कोरडा मैदा टाकला तर गोळे होतात, आणि मग दोष खळ शिजवणाऱ्या मुलींना. काही जण कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. तुम्ही घालू नका. ते विष आहे, आणि त्याच हातांनी तुम्ही भाजी-पाव खाणार. त्या दिवसापुरतीच खळ कर. गोव्याच्या उकाड्यात दुसऱ्या दिवशी ती आंबते. सगळ्या नरकासुराला मिळून साधारण एक किलो मैदा आणि चार-पाच किलो रद्दी लागेल.

डोकं बसवताना मुखवट्याच्या मागे पुठ्ठ्याची कवटी कर आणि आत दोन ठिकाणी, हनुवटीजवळ आणि टाळूजवळ, बांबूची फुली बांध. कणा या दोन्ही फुल्यांच्या मधून जाऊ दे आणि दोन्हीकडे सुतळीने आवळ. दोन जागी धरलं की डोकं डुलत नाही, आणि फुलीची टोकं कवटीला शिवलेली असली की फिरतही नाही. बसवण्याआधी मुखवटा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेव. एक किलोच्या वर भरला तर आत ओल आहे किंवा कोणीतरी हौसेने बारा थर लावलेत.

रंगाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आधी पांढऱ्या डिस्टेंपरचा हात, मग पोस्टर रंग. ऑइल पेंट नको, लवकर वाळत नाही. क्रेप कागदाचा मुकुट शेवटच्या संध्याकाळी लाव. दंवात त्याचा रंग गळतो आणि उचलणाऱ्यांचे शर्ट गुलाबी होतात.

आता आई. तिचं म्हणणं चुकीचं नाही. तिला दिसतं ते असं: पोरं महिनाभर नुसती चर्चा करतात आणि शेवटच्या तीन दिवसांत अभ्यास, झोप, जेवण सगळं सोडून धावतात. तिला "प्लीज" म्हणू नकोस, कागद दाखव. वर सांगितलेल्या कामात जास्तीत जास्त वेळ वाळण्यात जातो, आणि ते वाळत असताना तुला तिथे बसून राहायचं नसतं. दिवाळीच्या तीन आठवडे आधी मुखवटा सुरू कर: दोन थरांना चाळीस मिनिटं, मग एक दिवस सुट्टी. असे आठ थर आठ-नऊ दिवसांत होतात. सांगाडा दोन रविवारी. पेपरच्या आदल्या दिवशी काहीही नाही, हे कागदावर मोठ्या अक्षरात लिही. चार दिवस उरले की अंगावर कागद, दोन दिवस उरले की रंग, आदल्या संध्याकाळी फक्त जोडणी. हे वेळापत्रक फ्रिजवर लाव आणि पहिले पाच दिवस तंतोतंत पाळ. सहाव्या दिवशी आई स्वतःच विचारेल की घमेलं कधी परत मिळणार.

मुलग्यांचं बघू. "आम्हालाही घ्या" असं म्हणत गेलीस तर पुन्हा चहाच आणावा लागेल. त्याऐवजी सांगाड्याची मापं एका वहीत, आकृतीसकट, सगळ्यांच्या आधी तयार ठेव. बांबू आणायला कोणीतरी विचारणारच, "कितके हाडूं?" (किती आणू?) त्या प्रश्नाचं उत्तर फक्त तुझ्याकडे असलं की पुढचे दहा प्रश्न तुझ्याकडेच येतात. तरीही ऐकलं नाही तर मैत्रिणींसोबत ४ फुटी नरकासुर वेगळा करा. मापं साधारण निम्मी होतात, बांबू दोन-तीनच लागतात, आणि तो चौघींना सहज उचलता येतो. फक्त हट्टाने पंचवीस फुटी करायला जाऊ नका. तेवढ्याला बहुतेक ठिकाणी लोखंडी सांगाडा लागतो, वेल्डिंग लागतं, आणि मग काम पुन्हा मोठ्यांच्या हातात जातं.

तुझ्या यादीतले चार जण. कात्री हरवणाऱ्याला सुधारायला जाऊ नकोस, कात्रीच दोरीने पडवीच्या खांबाला बांध. फोटो काढणाऱ्याला गाठींचे फोटो काढायला सांग, प्रत्येक गाठीचा जवळून एक. पुढच्या वर्षी तेच उपयोगी पडतात. भाजी-पावच्या वेळी उगवणाऱ्यावर आम्ही बराच विचार केला, पण त्याला उपाय नाही. मात्र तो हमखास ताजातवाना असतो, म्हणून उचलायच्या कामाला तोच पुढे. आणि "हांवें सांगिल्लें" म्हणणाऱ्याला दप्तराच्या परीक्षेवेळी बोलावून वहीत सही करायला लाव: सांगाडा बघितला, दोष नाही. एवढ्यावर तो गप्प बसतो, नाहीतर खरंच एखादा दोष दाखवतो. दोन्हीकडून फायदाच.

वर्गणी घरोघरी फिरून, वहीत नोंद करून. रस्त्यावर दोरी आडवी धरून गाड्या अडवू नका. अंधारात दुचाकीवाल्याला दोरी दिसत नाही, ती थेट गळ्याला लागते.

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावायला कायद्याने बंदी आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत तसं आहे. सणासाठी सरकार ठराविक दिवशी १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, त्यापुढे नाही. आणि खरं सांगायचं तर स्पीकरच्या भिंतीपुढे तुमच्या मुखवट्याकडे कोण बघणार आहे? गाड्यावर चढवल्यावर तलवारीचं टोक धरून उंची मोज आणि दिवसाउजेडी वाटेवरच्या तारा बघून ये. केबलच्या तारा लोंबतात. एकही तार बांबूने वर ढकलायची नाही, ओला बांबू वीज वाहतो.

जाळायची जागा मोकळी हवी. गवताच्या गंजीपासून, गाड्यांपासून आणि घरांपासून निदान २० फूट लांब, वर तार किंवा माडाची झावळी नको. आधी दिव्यांची माळ आणि बॅटरी काढून घे. तोंडात फटाके भरायची मुलग्यांना फार हौस असते, त्याला ठाम नाही म्हण. पुठ्ठ्यात कोंडलेला फटाका कुठल्या दिशेने उडेल ते सांगता येत नाही. पेट्रोल अजिबात नको. त्याची वाफ आधी पेट घेते आणि ओतणाऱ्याच्या हातापर्यंत येते. सुक्या चुडताची, म्हणजे माडाच्या झावळीची, लांब चूड पेटवून पायाकडच्या पेंढ्याला लाव, वारा पाठीमागून येईल असं उभं राहून. दोन बादल्या पाणी, एक बादली वाळू आणि दोन मोठी माणसं जवळ. पेटवणाऱ्याच्या अंगावर सुती कपडे, ओढणी घरी.

कोसळून निवला की राखेवर पाणी मारून काठीने उलथीपालथी करा. पेंढ्याच्या पोटात निखारा तासन्‌तास जिवंत राहतो. मग घरी जा, अभ्यंगस्नान, करीट, फोव (पोहे) जे काय असेल ते आटपा, आणि आठच्या सुमारास एक बादली घेऊन पुन्हा जा. उरलेला खिळा, वायर, पुठ्ठा उचलायचा आणि राख ढिगातून बाजूला करून हात जवळ नेऊन बघायचा. ऊब लागली तर आणखी एक बादली. वर्गणीतून पैसे उरलेच तर पुढच्या वर्षीच्या सुतळीसाठी ठेव, आणि ते भाजी-पाववाल्याच्या हातात देऊ नकोस.